टेंपो तेल पितो

माझ्या एका वाक्यानं एका माणसाचं तोंड फुटलं. मारणारे दुसरे होते, एक थोबाडीत मीही ठेवून दिली, पण सगळ्याची सुरुवात त्या वाक्यानं झाली. ती काही शिवी नव्हती. इंजिनात काय बिघडलंय एवढंच मी गाडीच्या मालकाला फोनवर सांगितलं होतं.

मी मूळ निपाणीचा. संकेश्वरात हायवेच्या कडेला माझं पत्र्याचं गॅरेज आहे. आजूबाजूचे सगळे डिझेलवाले, पेट्रोलच्या गाड्या तेवढ्या माझ्याकडं येतात. मी तापट आहे, हे सगळ्या संकेश्वरला ठाऊक आहे. इंजिन वाईट वापरलेलं दिसलं की माझं टाळकं सरकतं. पेट्रोलमध्ये रॉकेल घालून चालवणाऱ्या एकाची सीट उचलून मी गटारात फेकली होती, आणि ती त्यालाच काढायला लावली होती. तो अजूनही माझ्याकडंच येतो.

दुसरी खोड कन्नडची. आमचं घर मराठी, शाळा मराठी. कन्नड मी गॅरेजात शिकलो, गिऱ्हाइकांच्या तोंडून, त्यातलं निम्मं शिव्यांतून. कामापुरतं येतं. पण मला ते कामापुरतंच येतं असं कुणी म्हटलेलं खपत नाही. बायकोला चांगलं येतं. मी फोनवर कन्नड सुरू केलं की ती तोंडाला पदर लावून आत जाते. मग मी मुद्दाम आणखी मोठ्यानं बोलतो.

तो टेंपो आला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. इचलकरंजीहून सूत भरून बोरगाव, निपाणी करत बेळगावात वडगावला निघालेला. लहान पेट्रोल टेंपो, दोन सिलिंडरचा. तवंदीच्या घाटात त्यानं दम सोडला होता. रस्त्यावरून वळतानाच मला आवाज आला. आमच्यात त्याला मिसिंग म्हणतात. चालताना मध्येच एक ठोका गळतो, गाडी मागं ओढल्यासारखी होते, सायलेन्सर फट् करून ओरडतो. मागं निळा धूर होता. धूर बघूनच माझी निम्मी खात्री झाली होती.

चालवणारा चाळिशीचा, किडकिडीत, दाढी गुळगुळीत केलेला, शर्टाचं गळ्यापर्यंत बटण लावलेला माणूस. शहापूरच्या मराठी विणकराच्या घरातला. टेंपो त्याच्या मेव्हण्याचा, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाचा. मेव्हण्याचे वडगावात पॉवरलूम, घर कन्नड बोलणारं. या माणसानं अकरा महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. सोडताना मेव्हण्यानं त्याला सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून सांगितलं होतं, की पुन्हा एक थेंब जरी घेतलास तर बहीण आणि पोरगी माझ्या घरी, तुझा-आमचा संबंध संपला. त्या सकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त इंजिन दिसत होतं.

त्याला इंजिन चालू ठेवायला सांगून मी एकेका प्लगची वायर ओढून बघितली. पहिली ओढली तसं इंजिन गचके देत बंद पडायला लागलं, म्हणजे तो सिलिंडर जिवंत. ती परत बसवली. दुसरी ओढली तर आवाजात काही फरकच नाही, तो आधीच मेलेला. घाईत मी पकड न घेता हातानं ओढली होती. झटका कोपरापर्यंत गेला. मी ओरडलो, "बंद कर!" आणि तो माणूस इतका दचकला, की बंद करायचं सोडून त्यानं ॲक्सिलेटर दाबला. दुसरा झटका बसला. तिथूनच माझं डोकं फिरलं.

दोन्ही प्लग काढले. पहिल्याचं टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं, कोरडं, तपकिरी. असंच पाहिजे. दुसरा काळा, ओला, चकाकणारा. ओला म्हणून लगेच निकाल देता येत नाही. प्लग पेट्रोलनं ओला असेल तर बोटावर घेऊन फुंकर मारली की उडून जातं. हे उडालं नाही. बोटं एकमेकांवरून सरकायला लागली. नाकाशी नेऊन दोनदा हुंगलं, जळकं तेल. प्लगच्या टोकाला तेल माखलं की ठिणगी जिथं पडायची तिथं पडत नाही, त्या काळ्या थरावरून निसटून जाते, आणि सिलिंडरातलं पेट्रोल न पेटताच बाहेर पडतं.

पण तेल आलं कुठून, हे बघायला लागतं. कधी वरच्या झाकणाचं पॅकिंग जातं, तेल प्लगच्या खड्ड्यात उतरतं आणि प्लग बाहेरून माखतो. ते काम तासाभराचं. मी खड्ड्यात बोट घातलं, कोरडं ठणठणीत. म्हणजे तेल आतून. मग कॉम्प्रेशनचं मीटर लावलं. पहिल्या सिलिंडरात दाब बरोबर, दुसऱ्यात निम्माही नाही. त्याच सिलिंडरात चमचाभर तेल ओतलं आणि पुन्हा मीटर लावलं, तर दाब चढला. ओतलेल्या तेलानं घडीभर फट बुजली, म्हणून चढला. पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. खालचं तेल त्यांच्या फटीतून वर येऊन जळत होतं. तेल मोजायची पट्टी काढली, तर नुसतं टोक ओलं.

"तेल कधी बघितलंतास?" मी विचारलं.

"रोज घालतोय की."

"रोज? किती?"

"अर्धा लीटर. एक खेप झाली की अर्धा लीटर लागतंय."

"कवापासनं?"

"महिना झाला असंल."

"आणि महिनाभर तसाच पळवतोयस? मालकाला सांगाय काय जिभेला हाड आलंतं?"

तो खाली बघून म्हणाला, "अण्णाला सांगायचं म्हंजे भ्या वाटतंय. मीच घालवलं म्हणंल."

माझ्या हातात तो काळा प्लग होता. मी तो त्याच्या अंगावर फेकला. गळ्याखालच्या हाडावर टक्कन बसला, शर्टाला डाग पडला. त्यानं वाकून प्लग उचलला, फडक्यानं पुसला आणि माझ्या फळीवर नीट ठेवला. त्याच्या त्या गरीबपणाचाही मला राग आला.

"मिस्त्री, तुमीच सांगा की अण्णाला," तो म्हणाला. "माझं खरं वाटत न्हाय त्येला. तुमचं ऐकंल." त्यानं नंबर दिला आणि दोघांना चहा आणायला समोरच्या हॉटेलात गेला. तो तिथं उभा असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. त्याला माझ्यापेक्षा चांगलं कन्नड येत होतं.

फोन लागला. पलीकडून कन्नडमध्ये, "यार्री?" म्हणजे कोण बोलताय. झालं, मी कन्नड सुरू केलं. आधी गॅरेजचा पत्ता सांगितला.

मराठीत टेंपो हा तो. तो तेल पितो. कन्नडमध्ये वस्तूला तो आणि ती नसतं, सगळ्या वस्तू ते. मी 'कुडितैती', म्हणजे ते पितं, असं म्हणायला पाहिजे होतं. मी माझा मराठी टेंपो तसाच उचलून कन्नडमध्ये नेला आणि म्हणालो, "निम्म टेंपो एण्णी कुडितान री." कुडितान म्हणजे पितो, पण हे फक्त पुरुष माणसाबद्दल म्हणतात. आणि एण्णी म्हणजे तेल हे खरं, पण बोलताबोलता कन्नड माणूस दारूलाही एण्णीच म्हणतो. हायवेवरून उसाचे ट्रक चालले होते. मेव्हण्याच्या कानात गेलं ते एवढंच, की तुमचा टेंपोवाला दारू पितो.

मग त्यानं विचारलं, किती?

रोज अर्धा लीटर, मी म्हणालो.

कधीपासून?

महिना झाला.

तुम्ही स्वतः बघितलंत?

बघितलं म्हणजे काय, हुंगून बघितलं, असं मी छाती फुगवून सांगितलं. इतकं लांबलचक कन्नड मला पहिल्यांदाच अडखळल्याशिवाय जमत होतं. घाटातून गचके खात कसाबसा आला, मी म्हणालो. आता हलायच्या अवस्थेत नाही. असाच सोडला तर वाटेत मरेल. तो म्हणाला, धरून ठेवा, आलोच. मला वाटलं, किती समजूतदार मालक आहे.

चहा घेऊन आलेल्या त्या माणसाला मी सांगितलं, मालक येतोय. त्याचा चेहरा उतरला. "लई तापला काय?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "तापंल न्हाय तर काय करंल?" त्यानं आपला चहा प्यायलाच नाही. फळीवर ठेवला, त्यावर साय धरली.

तासाभरानं मोटार आली. मेव्हणा आणि त्याचे दोन धाकटे भाऊ. मेव्हणा बुटका, पांढऱ्या शर्टातला, डोक्याच्या केसांत कापसाचा भुरा अडकलेला. टेंपोकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. सरळ चालत आला आणि बाकड्यावर बसलेल्या त्या माणसाच्या तोंडावर लाथ घातली. बाकडं उलटलं. तो उठतोय तोवर दोन्ही भावांनी त्याला धरलं. माझ्या भिंतीला खिळ्यावर जुने फॅनबेल्ट टांगलेले असतात. मेव्हण्यानं त्यातला एक ओढला आणि दुहेरी करून मारायला सुरुवात केली. पाठीवर, मांडीवर, हातावर. फॅनबेल्ट कातड्यावर बसला की आवाज बारीक येतो, पण कातडं लगेच फाटतं. चौथ्या-पाचव्या फटक्याला शर्ट उसवला. एक फटका कानावर बसला आणि तो माणूस पहिल्यांदा ओरडला.

मी काय करत होतो ते सांगितलं पाहिजे. मी बघत होतो, आणि मला बरं वाटत होतं. मला वाटलं, इंजिनासाठी मारतोय. इतक्या वर्षांत इंजिनासाठी चिडणारा मालक मी पहिल्यांदाच बघत होतो. महिनाभर तेल जळतंय आणि हा गप्प बसतो, खाऊ दे मार. भावांच्या हातातून सुटून तो माझ्याकडं धावला, माझ्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाला, "मिस्त्री, सांगा की ओ, माझी काय चूक?" मी त्याला सोडवून एक सणसणीत थोबाडीत दिली. "रोज अर्धा लीटर, आणि चूक काय म्हणतोस?" त्याच्या ओठातून रक्त आलं. ते माझ्या बोटांना लागलं, बोटांना आधीच काळं तेल होतं.

मेव्हणा कन्नडमध्ये ओरडत होता. आधी मी नीट ऐकतच नव्हतो. मग कानावर आलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होतास. पोरीच्या. माझ्या मनात आलं, इंजिनाच्या तेलासाठी कुणी पोरीच्या डोक्यावर हात ठेवतो का? तो माणूस मराठीत रडत होता, "अण्णा, वास घ्या माझ्या तोंडाचा. अकरा महिनं शिवलो न्हाय ओ. वास घ्या." मेव्हणा म्हणाला, वास मी कशाला घेऊ, त्या मिस्त्रीनं घेतलाय. आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

तेव्हा मला कळलं. मी फोनवर काय बोललो, ते शब्द न् शब्द आठवलं. कुडितान. हुंगून बघितलं. घाटातून गचके खात आला.

बोललो असतो तर त्या क्षणी सगळं थांबलं असतं. पण बोलायचं म्हणजे काय, तर सगळ्यांसमोर कबूल करायचं, की मला कन्नड येत नाही. आणि खरं सांगायचं, तर त्या तिघांची मला भीतीही वाटली. मेव्हण्यानं आणखी मारलं. मी मोजलं, चार फटके. मी गप्प राहिलो ते हे चार. आधीच्या फटक्यांना मी गैरसमजात होतो असं म्हणता येईल. या चारांना काही म्हणता येत नाही.

पाचव्याला हात उचलल्यावर मी फळीवरचा प्लग घेतला आणि मध्ये घुसलो. बेल्ट माझ्या खांद्यावर बसला. मी मराठीतच किंचाळलो, "ह्यो न्हाय ओ! टेंपो पितोय, टेंपो! इंजनाचं तेल! ह्यो प्लग बघा!" आणि तो काळा प्लग मेव्हण्याच्या नाकापुढं धरला. त्यानं हुंगला. प्लग बघितला, टेंपो बघितला, मला बघितलं. मग हळूच माझंच वाक्य म्हणाला, "टेंपो एण्णी कुडितान."

आणि धाकटा भाऊ हसला. आधी नाकातून, मग पोट धरून. दुसरा भाऊ हसला. शेवटी मेव्हणाही हसायला लागला, हातात बेल्ट तसाच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो माणूस जमिनीवर होता. त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती. मेव्हण्यानं त्याला बगलेत हात घालून उठवलं, शर्ट झटकला आणि म्हणाला, "चला दाजी, ह्या मिस्त्रीनं मारलं बघा तुम्हाला." मोटारीतून त्याला घेऊन गेले. मोटार वळेपर्यंत आत हसणं चालूच होतं.

इंजिन उतरवून मी रिंगा बदलल्या. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, तपासून आणला, वरचे सील घातले. आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत ही गोष्ट माझ्या आधी सगळीकडं पोचली. वडगावच्या लूमवर तर तिचा नुसता तमाशा झाला. तो माणूस दारातून आत आला की मागावरचे लोक ओरडायचे, "टेंपो बंदान!" म्हणजे टेंपो आला. किती प्यालास, अर्धा लीटर का पाऊण? त्याला डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून लोक उजव्या बाजूला जाऊन पुन्हा सांगायचे. हे मला सुताच्या दुसऱ्या एका टेंपोवाल्यानं सांगितलं, हसत हसत. मीही हसलो. इतकंच नाही, समोरच्या हॉटेलात ती गोष्ट मी दोनदा सांगितली, फॅनबेल्ट कसा फिरत होता ते हात करून. गप्प राहिलो ते चार फटके मी त्यातून गाळले.

नवव्या दिवशी भर दुपारी तो माणूस टेंपो न्यायला आला. एकटाच, बसनं. शर्टाचं बटण उघडं, दाढी वाढलेली. तो दोन हातांवर आला तसा वास आला. या वासाला बोटांवर घेऊन बघायची गरज नव्हती.

"किल्ली," तो म्हणाला.

"आज ऱ्हाऊ दे. उद्या न्या."

"किल्ली दे रं."

मी किल्ली मुठीत धरून मागं सरकलो. त्यानं फळीवरचा सतरा-एकोणीसचा पाना उचलला आणि माझ्या खांद्यावर हाणला. दुसरा फटका मी हुकवला, तो टेंपोच्या दारावर बसला. मला राग आला की माझं मला कळत नाही. मी त्याच्या छातीत बुक्की मारली, तो पडला, आणि पडल्यावरही मी एक लाथ घातली. मग दिसलं, की त्याच्या दंडावरचे आधीचे वळ अजून हिरवे होते. मी तिथंच थांबलो. तो उताणा पडून माझ्याकडं बघत होता, आणि त्यानं मला चुकीच्या कन्नडमध्ये नाही, स्वच्छ मराठीत सांगितलं, "बरोबर हुतं की तुमचं, मिस्त्री. जरा लवकर बोलला एवढंच." मग कुशीवर वळला आणि झोपी गेला.

मेव्हण्याला फोन करायची माझी छाती झाली नाही. त्या झोपलेल्याच्याच मोबाइलमधून मी त्याच्या बायकोला लावला. एवढंच म्हणालो, ते इथं झोपलेत, तुम्ही या. दीड तासात ती बसनं आली. बारीक बांध्याची, कामावरून तशीच उठून आलेली, बोटांना साडीचे धागे चिकटलेले. तिनं नवऱ्याकडं बघितलं, वाकून त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि तिथंच खाली बसली. रडली नाही. मला कन्नडमध्ये विचारलं, कधीपासून?

"मला मराठीतच बोलू द्या, आक्का," मी म्हणालो. "आज प्यालेत. त्या दिवशी थेंब न्हवता."

"ठाऊक हाय," ती मराठीत म्हणाली.

आम्ही दोघांनी उचलून त्याला टेंपोत मागं रिकाम्या पोत्यांवर निजवलं. ती माझ्या शेजारी केबिनमध्ये बसली. बेळगावपर्यंत तास लागला. इंजिन एकदाही चुकलं नाही, चढालाही नाही, आणि त्या एकसारख्या आवाजाचा मला वीट आला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "त्या दिवशी अण्णाशी मराठीत का न्हाय बोलला? आमच्या घरात समद्यांना मराठी येतंय. अण्णाचं तर तुमच्यापेक्षा चांगलं हाय."

"मला दाखवायचं हुतं," मी म्हणालो.

"काय?"

"मला कन्नड येतंय म्हणून."

ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "अकरा महिनं रोज मी त्येंच्या तोंडाचा वास घेतलाय. घरात आलं की आदी वास. कवाबी आला न्हाय. त्या दिवशी मार खाऊन आलं, आणि अण्णानं ही गोष्ट सांगितली." ती थांबली. "मीबी हसलो ओ. त्येंच्यासमोर हसलो. कान पुसत पुसत हसलो."

मी गाडी चालवत राहिलो.

वडगावात बोळ अरुंद आहेत. लूमचा खडखड आवाज दोन्ही बाजूंनी येत होता. तिनं आपलं घर दाखवलं, भावाच्या लूमला लागूनच. आणि दारातच मेव्हणा उभा होता, त्याच पांढऱ्या शर्टात. उंबऱ्यावर पोरगी पाटी घेऊन बसली होती. तिनं आईला बघितलं आणि पाटी ठेवून उभी राहिली. मेव्हणा मागं गेला, पोत्यांवरच्या माणसाकडं बघितलं, वाकला, हुंगलं. या खेपेला त्यानं स्वतः हुंगलं. मग वळून शेजारच्या आपल्या घराकडं बोट केलं आणि बहिणीला दोनच शब्द म्हणाला, आत जा. पोरीचं बखोट धरलं आणि तिलाही तिकडं ढकललं, पण ती निसटून आईकडं धावली. बहीण हलली नाही.

"किती दिवस पितोय ह्यो?" त्यानं मला विचारलं. खरंच, मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं.

"त्येंची चूक न्हाय," मी म्हणालो. "मी पाजली."

"काय?"

"त्यो नको म्हणत हुता. टेंपो तयार झाला म्हणून मी बसवलं, धरून तोंडात ओतली. मी पाजली."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. ती बोलेल असं मला वाटलं, पण तिनं पोरीला पोटाशी धरलं आणि मान खाली घातली. मेव्हण्याचा चेहरा लाल झाला. लूमवरचे दोघं-तिघं काम थांबवून दारात आले होते. त्यानं पायातली चप्पल काढली. मी टेंपोची किल्ली बहिणीच्या हातात दिली आणि त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो.